अळणी

माझं काम समुद्रातलं मीठ काढायचं.
बर्का, रात्रपाळी, तिसरा पंप.
आत येतं ते खारं, बाहेर जातं ते गोडं.
काट्यावरचा आकडा बघायचा, वहीत लिहायचा,
आकडा चढला तर कुंजुमोनला उठवायचं.
बारा वर्षं झाली. चूक एकच,
ती वहीत नाही.

कुत्रा गेटवर आला तो गुरुवारी,
म्हणून गुलजमाननं नाव ठेवलं खमीस.
वाळूच्याच रंगाचा, एक कान फाटका.
बसला की दिसायचा नाही,
उठला की वाटायचं, वाळूच उठली.

कुणी इकडे येणारं असलं की प्रमिला डबा देते:
खारवलेला बांगडा, सांडगी मिरची, पोह्याचे पापड,
सात पिशव्यांत गुंडाळून,
तरी विमानतळावर वास लपत नाही.
तव्यावर बांगडा पडला रे पडला
की खमीस कुंपणाशी हजर.
कुणी असं बघत असताना
एकट्याच्या घशाखाली घास उतरतो का?
डोकं त्याला. शेपूट त्याला. पापड अर्धा अर्धा.
कॅम्पात देणारे सगळेच. कुणी चिप्स,
कुणी पराठ्याचं तूप पुसलेला कागद,
कुणी तळलेल्या कोंबडीची साल.
"खाल्ल्या मिठाला जागेल हो," मी म्हणायचो.
जागायचाही. पाळी सुटेपर्यंत गेटवर, टक्क.

मग ईद आली. मालकाकडून परात आली,
जमिनीत रात्रभर पुरून शिजवलेलं मटण,
भातावर बोटभर चरबी.
आम्ही आठ जण, तरी उरलं.
उरलेलं सगळं मी खमीसपुढे ओतलं
आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिलो,
लेकीच्या बारशाला पंगतीच्या टोकाशी उभा होतो, तसा.
तेव्हा सुट्टी मिळाली होती.

पहाटे त्यानं पुढचे पाय लांब पसरले,
छाती जमिनीला, मागचा भाग वर.
मला वाटलं, खेळायला बोलावतोय.
मी टाळी वाजवली. ये ये म्हटलं.
दोनदा.

तो पोटातला पीळ होता.
हे सांगितलं डॉक्टर इंतिसारनं. बाई सुदानच्या,
आवाज न चढवता रागावणाऱ्या.
चरबीनं स्वादुपिंड सुजलंय म्हणाल्या.
आणि खारट किती दिवस देताय?
मी गप्प.
पाणी किती पितो?
बादली. रोज रात्री एक बादली रिकामी.
मला वाटायचं, उन्हाळा आहे.

म्हणजे तहानेनं जागत होता तो.
आणि मी त्याला इमानी म्हणत होतो.

त्यांनी सलाईन लावलं.
तेही मिठाचंच पाणी, पण मोजलेलं.
थेंब थेंब पडताना मी बघत बसलो,
सवयीनं खिशातलं पेन चाचपत.
बेचाळीस रियाल झाले. घरी पाठवायचे होते त्यातले.

वाचला.
आता त्याचं वेगळं शिजतं: मऊ भात,
साल काढलेली कोंबडी, मीठ नाही, तेल नाही.
पहिल्या दिवशी त्यानं हुंगलं आणि माझ्याकडे पाहिलं,
वाढणाऱ्याच्या हातून काही राहून गेलंय
असं.
मी त्यातला एक घास खाऊन दाखवला.
भाताला भाताची चव असते,
हे चाळिशी उलटल्यावर कळलं.

गुलजमान अजून बोलत नाही माझ्याशी नीट.
मुक्या जनावराच्या तोंडचं काढलंस म्हणतो.
प्रमिला फोनवर हसली, मग थांबली.
म्हणाली, आणि तुझ्या गोळ्या?

डबा मात्र येतोच. काल आला.
मी तवा ठेवला, बांगडा टाकला,
कुंपणाशी वाळू उठली.
हल्ली मी त्याच्याकडे पाठ करून जेवतो.
वळून बघत नाही.
पाठीला कळतं.